सार्वजनिक भिंतीवर वारली चित्र: काम सोपवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

शाळा, ग्रामपंचायती, नगरपालिका, आर्किटेक्ट आणि कंपन्यांचे सामाजिक जबाबदारी (सीएसआर) विभाग यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रकारांबरोबरच्या कामाला धरून आहेत. दुसऱ्या आदिवासी समाजाबरोबर काम करत असाल तर रंग आणि भिंतीचा भाग उपयोगी पडेल. रीतीभातीचा भाग मात्र त्या समाजालाच विचारा.

आमचे चित्रकार वारलीच आहेत. मग काम आदिवासींच्या नेतृत्वाखालचं झालं ना?

तेवढ्याने होत नाही. बहुतेक ठिकाणी आधी आर्किटेक्टचा नकाशा पक्का होतो, भिंत ठरते, विषय ठरतो (“पाणी वाचवा”, “मुलगी शिकवा”), रंगही ठरतो, आणि मग चौघांना बोलावून रेषा काढून घेतल्या जातात. ही मजुरी झाली. मजुरीत कमीपणा नाही, पण तिला नेतृत्व म्हणू नये.

नेतृत्व त्यांचं आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून कळतं. जागा कोणती आणि तिचं काय करायचं, हे ठरताना ते बैठकीत होते का? काय काढायचं आणि काय काढायचं नाही, याचा शेवटचा शब्द कोणाचा? आणि ते “नको” म्हणाले तर काम खरंच थांबतं का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहराच्या कामात “ते अरंगा” नावाची, माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांची, सात रचनातत्त्वं वापरतात. त्यातलं “मना” हे तत्त्व त्या भूमीच्या माओरी समाजाचा अधिकार मानण्याचं आहे, आणि “अही का” म्हणजे त्या जागेत त्यांचं आजचं, जिवंत वावरणं दिसलं पाहिजे. भिंत रंगवण्यावर ही यादी थांबत नाही. आपल्याकडे भोपाळचं २०१३ साली खुलं झालेलं जनजातीय संग्रहालय पाहून या. तिथली दालनंच आदिवासी कलाकारांच्या हातची आहेत.

एका नामवंत चित्रकाराशी बोललो, त्यांनी होकार दिला. पुरे आहे का?

स्वतःच्या कल्पनेतलं चित्र असेल, म्हणजे शेत, झाडं, मासेमारी, गाव, तर पुरे. देव, लग्नविधी किंवा एखाद्या पाड्याची सामाईक कथा येत असेल तर नाही.

ऑस्ट्रेलियातले आदिवासी कलाकार टेरी युम्बुलुल यांचा खटला (१९९१) इथे लक्षात ठेवावा. त्यांनी घडवलेला “मॉर्निंग स्टार” खांब १९८८च्या दहा डॉलरच्या नोटेवर छापला गेला. त्यांनी परवान्यावर सही केली होती. पण त्यांच्या कुळाच्या मते हा खांब विधीचा होता आणि अशी परवानगी एकट्याने देण्याजोगी नव्हती. कोर्टाने सही ग्राह्य धरली, आणि समाजाचा सामाईक हक्क कॉपीराइट कायद्यात नीट बसत नाही हेही मान्य केलं. कायद्याने नोट वाचली, कलाकार मात्र आपल्याच लोकांपुढे अडचणीत आला. तुमच्या घाईमुळे कोणावर अशी वेळ आणू नका.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याचं (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा कायदा) कलम ४ परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४चे आहेत आणि त्यांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येतं. म्हणून सरपंचांचं पत्र आणून भागत नाही. आधी चौकशी करा: या पाड्याची ग्रामसभा वेगळी आहे का? असेल तर विषय तिथे मांडा, दोन बैठकांना पुरेल इतका वेळ ठेवा आणि ठरावाची प्रत घ्या. पहिल्या बैठकीत बहुतेक वेळा कोणी काही बोलत नाही. त्या गप्प बसण्याला होकार समजू नका. लोक घरी जाऊन बोलतात, आणि खरं उत्तर दुसऱ्या बैठकीत येतं.

भिंत शहरात असेल तर तिथे अशी ग्रामसभा नसते. अशा वेळी चित्रकारांच्या स्वतःच्या पाड्यातल्या जाणत्यांना विचारायचं.

लग्नाचा चौक काढून हवा आहे. मागावा का?

आग्रह धरू नका. चौक म्हणजे नक्षीची चौकट नव्हे. लग्नघरात सवासिणी तो भिंतीवर काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आणि देवचौकात पालघट ही लग्नाची देवी बसते. गाणं, बायका, घर आणि वेळ सगळं जुळलं की तो चौक होतो. त्यातली नक्षी उचलून लिफ्टच्या दारावर चिकटवली की हातात काय उरतं?

काही चित्रकार कागदावर किंवा कापडावर चौक काढून विकतात, काही काढत नाहीत. एकाच गावातल्या दोन पाड्यांत मत वेगळं असू शकतं. ते मिटवणं तुमचं काम नाही. जिथे तुम्ही काम करताय तिथलं मत पाळा. चौक नसला तरी स्वच्छतागृहाची भिंत, जिन्याच्या पायऱ्या, फरशी, कचराकुंडी यांवर देवांची चित्रं नकोत. कणसरी अन्नाची देवी, तिच्यावर पाय पडेल अशी जागा कोणी सुचवूच नये. यादी लेखी करा: काय चालेल, काय चालणार नाही, काय विचारून. पुढे ठेकेदार बदलला तरी कागद राहतो.

कामाला फक्त पुरुषच येतात. बायका का दिसत नाहीत?

भिंतीवर काढणं मुळात बायकांचं काम होतं. १९७०च्या दशकात कागद आणि बाजार आला, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचं काम जगभर पोचलं (१९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री), आणि विधीबाहेरचं चित्र काढणारे पुरुष पुढे आले. तेव्हापासून बाहेरचं काम त्यांच्याच ओळखीने फिरतं.

बायका हव्यात तर कामाची मांडणी बदला. मुक्काम नको, संध्याकाळी घरी पोचवणारी गाडी हवी. जागेवर स्वच्छतागृह हवं. लहान मूल सोबत येणार हे धरून सावलीची जागा आणि सांभाळणारं एक माणूस हवं, आणि त्या माणसाची मजुरी अंदाजपत्रकात. पैसे प्रत्येक बाईच्या स्वतःच्या खात्यात. आणि परांचीवर चढायची सक्ती नको: सहा फुटांपर्यंतचा पट्टा एकीकडे, वरचा दुसरीकडे, अशी वाटणी सहज होते.

काम कोणत्या महिन्यात धरावं?

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. पावसाळ्यात भिंत ओली आणि माणसं भाताच्या आवणीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, झोडणी. उन्हाळ्यात लग्नसराई, शिवाय पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापते की रेषा अर्ध्यातच सुकते आणि कुंचला ओढला जातो. मार्चअखेरच्या निधीसाठी फेब्रुवारीत धावपळ करणाऱ्यांनी पहिली बैठक आदल्या गणपतीच्या सुमारासच घ्यायला हवी.

भिंत कशी तयार करायची?

निम्मी चित्रं इथेच बिघडतात, म्हणून हे सविस्तर.

नवा सिमेंटचा गिलावा असेल तर २८ दिवस थांबा. ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो. जुनी भिंत असेल तर खाली दीड-दोन फुटांत पांढरी भुकटी दिसते का पाहा. तो लोणा आहे, म्हणजे भिंतीत पाणी चढतंय. ब्रशने घासून रंग दिलात तर एका पावसाळ्यात पोपडे निघतील. आधी पाणी कुठून येतं ते शोधा: फुटकी पन्हळ, भिंतीला लागलेली माती, गळकी टाकी. ओल तपासायची सोपी रीत अशी: दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावा आणि एक दिवस ठेवा. आत थेंब जमले किंवा भिंत काळवंडली तर रंग लावू नका.

मग तडे भरा, बाहेरच्या भिंतीची पुट्टी लावून घासा, क्षार सोसणारा बाहेरचा प्रायमर एक हात, आणि गेरूच्या छटेचा बाहेरचा ॲक्रिलिक इमल्शन दोन हात, मध्ये किमान चार तास. २० फूट बाय १० फूट भिंतीला साधारण दोन-अडीच लिटर प्रायमर, चार लिटर गेरू रंग आणि एक लिटर पांढरा लागतो. भिंत खडबडीत असेल तर जास्त. रंग मॅटच घ्या. चकाकत्या रंगावर कुंचला घसरतो आणि उन्हात चित्र दिसत नाही.

गेरूची छटा दुकानातल्या पुस्तकातून निवडू नका. ती हमखास नारिंगीकडे किंवा मरून रंगाकडे जाते. गेरूने सारवलेल्या मातीचा वाळलेला तुकडा सोबत न्या आणि रंग मिसळून झाला की हातभर जागेवर लावून, पूर्ण वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात ताडून पाहा. रंगाचा आधार आयर्न ऑक्साइडचा आहे ना, हे विचारा. गेरूही तोच असतो आणि तो उन्हात टिकतो. स्वस्त लाल रंग गुलाबी पडतात.

तांदळाचं पीठ आणि खरा गेरूच वापरायला हवा का?

छपराखालची मातीची किंवा कुडाची भिंत असेल तर हो, तेच उत्तम. कारवीच्या काड्यांच्या कुडावर शेणमातीचा लेप असतो आणि ती भिंत श्वास घेते. तिच्यावर प्लास्टिक रंग लावला की आतली ओल अडते आणि लेपासकट पापुद्रा सुटतो.

तांदूळ भिजवून बारीक वाटायचा, पाणी आणि थोडा डिंक घालून कुंचल्यावरून सुटेल पण भिंतीवर ओघळणार नाही इतका पातळ करायचा. एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: ओली रेषा जवळजवळ दिसत नाही. गेरूवर नुसता ओला डाग वाटतो, आणि वाळत जाते तसतशी ती पांढरी उमटते. धीर न धरणारा त्याच रेषेवरून पुन्हा फिरवतो, थर जाड होतो, आणि वाळला की चिरा पडून गळतो. जाणती बाई रेष ओढून पुढे जाते, मागे वळून पाहत नाही. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. वाटण त्या दिवशीचं त्या दिवशी संपवा, राहिलं तर आंबतं.

उघड्यावरच्या सिमेंटला हे टिकत नाही, पहिल्या सरीत उतरतं. तिथे बाहेरचा पांढरा ॲक्रिलिक आणि बारीक गोल कुंचले. पांढऱ्यात पाणी बेताने. पातळ झाला की ओघळतो आणि खालचा गेरू दिसत राहतो.

कागदावरचा नमुना प्रोजेक्टरने मोठा करून भरून घेतला तर लवकर होईल का?

लवकर होईल, पण चित्र मरेल. कागदावर दोन इंचांचा माणूस म्हणजे दोन त्रिकोण, एक ठिपका आणि केसासारखे हातपाय. तो दोन फुटांचा केला की हातपाय नळासारखे दिसतात आणि मधली जागा ओस पडते. भिंत मोठी झाली तर माणसं मोठी करायची नसतात, त्यांची संख्या वाढवायची असते. लांबून दिसायला हवं असेल तर ते काम तारप्याच्या (फुंकून वाजवायचं वाद्य) तालावरच्या नाचाच्या वेटोळ्यावर, मोठ्या झाडावर, डोंगराच्या ओळीवर सोपवा. जवळ आलेल्याला मग त्यात मुंग्या, खेकडे, ताडावर चढणारा माणूस सापडू द्या.

मोबदला कसा ठरवायचा?

निव्वळ चौरस फुटांवर नको. तसा दर लावला की विरळ चित्र काढणाऱ्याचा फायदा आणि दाट काढणाऱ्याचा तोटा होतो. आधी ३ फूट बाय ३ फुटांचा नमुना त्याच भिंतीवर, पैसे देऊन, काढून घ्या. किती माणसांना किती तास लागले ते मोजा आणि त्यावरून दिवस काढा. मग खर्चाच्या ओळी वेगळ्या करा: कल्पना आणि बैठकांचे दिवस, नमुना, प्रत्यक्ष काम, प्रवास, जेवण-मुक्काम, परांची, विमा, साहित्य, आणि पुनरुत्पादनाचा हक्क घेणार असाल तर त्याची वेगळी रक्कम. नमुना नापसंत झाला तरी त्याचे पैसे द्यायचेच. सुरुवातीला किमान एक तृतीयांश आगाऊ द्या. हातावर पोट असलेल्या माणसाला बिल पास होईपर्यंत थांबणं परवडत नाही, तो मध्येच दुसऱ्या कामावर जातो आणि तुम्ही म्हणता कलाकार बेभरवशाचे.

ग्रामसभेच्या बैठकांना येणाऱ्या जाणत्यांचाही दिवस मोडतो. तोही हिशेबात धरा.

चित्राचा कॉपीराइट कोणाचा?

इथे सावध राहा, कायदा बहुतेकांना वाटतो त्याच्या उलट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. सरकारी कामातही, वेगळा करार नसेल तर, मालकी सरकारकडे जाते. म्हणजे तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तर कलाकाराचा हक्क आपोआप तुमच्याकडे येतो.

म्हणून करारात पहिलं वाक्य हे ठेवा: कॉपीराइट कलाकारांकडे राहील. मग तुम्हाला काय लागतं तेवढंच मागा: या भिंतीवर प्रदर्शन, वार्षिक अहवालात छायाचित्र, संकेतस्थळ. प्रत्येकाला मुदत आणि भूभाग लिहा. असं लिहून ठेवलं की पुढे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षं धरतं. कॅलेंडर, कप, टी-शर्ट यांसाठी स्वतंत्र करार. “चित्र रस्त्यावर आहे, फोटो कोणीही वापरेल” हे शिल्पाबाबत बरंचसं खरं आहे. कायद्यातली ती सूट शिल्प आणि कारागिरीच्या वस्तूंना आहे, भिंतीवरच्या चित्राचं नाव तिच्यात नाही.

करार मराठीत करा, आणि सही करण्याआधी तो बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

भौगोलिक मानांकन आहे, मग नक्कल करणाऱ्याला अडवता येईल ना?

वारली चित्रकलेला २०१४ साली मानांकन मिळालं, आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून. ते “वारली चित्र” या नावाचं रक्षण करतं: जे तिथलं नाही ते त्या नावाने विकता येत नाही. त्रिकोणी माणसं काढण्याच्या शैलीवर मात्र त्याने बंदी येत नाही. म्हणून निविदेत “वारली पद्धतीचं चित्र” असं ढिलं लिहू नका. या मानांकनाखाली नोंदलेले अधिकृत वापरकर्ते किंवा त्यांच्या गटाकडूनच काम होईल, असं लिहा. नाहीतर सर्वांत कमी दराचा पेंटर स्टेन्सिल घेऊन हजर होतो.

पुढे इमारत पाडायची किंवा भिंत रंगवायची झाली तर?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७नुसार चित्रावर नाव असण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो, कॉपीराइट विकला तरी. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं १४० फूट लांबीचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली न विचारता काढलं गेलं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाख रुपये भरपाई दिली. पण २०१९ साली त्याच न्यायालयाने एका इमारतीच्या वास्तुरचनाकाराला इमारत पाडणं रोखता येणार नाही असं म्हटलं. त्यामुळे कोर्टावर विसंबू नका. करारात लिहा: ९० दिवस आधी लेखी सूचना, कलाकारांना छायाचित्रण करण्याची आणि निरोपाचा विधी करायचा असल्यास तो करण्याची मुभा, आणि त्या जागी पुन्हा चित्र करायचं झाल्यास पहिली विचारणा त्यांनाच.

भिंतीपलीकडे, पूर्ण जागेची रचना करताना काय बदलतं?

पहिला नकाशा चालत करायचा. पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर जागेवर फिरा आणि गावदेवी, वाघोबाचा दगड, पाणवठा, कोणत्या झाडाखाली बैठक भरते, हे टिपा. दगड “सुशोभीकरणात” हलवू नका, फरशी आणि ग्रिल लावू नका. हे सर्रास होतं आणि भरून निघत नाही.

तारपा नाचासाठी मोकळं मैदान ठेवा, मध्ये कारंजं किंवा दिव्याचा खांब नको: मध्यभागी तारपावाला असतो आणि फेर त्याच्याभोवती फिरतो, सुटतो, गुंडाळतो. जमीन मातीची हवी. पेव्हर ब्लॉक अनवाणी पायांना उन्हात भाजतात आणि त्यांच्या सांध्यात ठेच लागते. फेर किती मोठा ते कागदावर ठरवू नका. एका संध्याकाळी प्रत्यक्ष नाचून घ्या आणि बाहेरच्या कडेला चुना टाका.

क्यूआर कोड लावून गाणी आणि माहिती द्यायची आहे. कशी?

आधी ठरवा कोणतं गाणं कोणी ऐकायचं. लग्नातली गाणी धवलेरीची. ती “रेकॉर्ड करा” म्हणाली म्हणजे “सगळ्या जगाला ऐकवा” म्हणाली असं नाही. दोन वेगळ्या संमती घ्या. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू समाजाबरोबर उभं राहिलेलं “मुकुर्तू” हे मोफत सॉफ्टवेअर यासाठीच आहे: कोणती फाइल कोणाला दिसेल हे समाजाच्या नियमांप्रमाणे लावता येतं. “लोकल कॉन्टेक्स्ट्स” या उपक्रमाची पारंपरिक ज्ञानाची लेबलं फाइलला जोडली की पाहणाऱ्याला अट कळते.

मूळ ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये (न दाबलेली ध्वनिफाइल), दोन प्रती, आणि एक प्रत पाड्यातच, मेमरी कार्डवर का होईना. संस्थेच्या ड्राइव्हवर एकच प्रत असली की प्रकल्प संपला की गाणी गेली. प्रत्येक फाइलबरोबर लिहा: कोणी गायलं, कोणता पाडा, कधी गायलं जातं, कोणाला ऐकता येईल, पुन्हा कधी विचारायचं. वारली बोलीला स्वतःची लिपी नाही, देवनागरीत लिहा, पण तिला प्रमाण मराठीत “सुधारू” नका. आणि क्यूआर कोडशेजारी चार ओळी पाटीवर छापाच: डोमेनचं भाडं भरायचं राहतं आणि वर्षभरात कोड कुठेच पोचत नाही.

एआयने “वारली” चित्र बनवून छापलं तर काय हरकत?

त्या नावाने छापणं ही पहिली हरकत, वर मानांकनाबद्दल सांगितलंच. दुसरी, ते चुकीचं असतं: चेहऱ्यांना डोळे येतात, बाईचा अंबाडा पुरुषाला लागतो, तारप्याचा कर्णा होतो. तिसरी सर्वांत मोठी: ज्यांच्या चित्रांवर यंत्र शिकलं त्यांना कोणी विचारलेलं नाही.

दुसरी वाट आहे. न्यूझीलंडच्या “ते हिकू मीडिया” या माओरी रेडिओने स्वतःच्या लोकांना साद घातली आणि दहा दिवसांत ३०० तासांहून जास्त माओरी बोलणं गोळा झालं. त्यातून भाषेचं तंत्रज्ञान त्यांनीच घडवलं, आणि तो साठा स्वतःच्या राखणदारीच्या परवान्याखाली ठेवला. तुमच्या करारात आजच एक ओळ घाला: या चित्रांची छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं कोणत्याही यंत्राच्या प्रशिक्षणासाठी कलाकारांच्या लेखी परवानगीशिवाय दिली जाणार नाहीत.

देखभाल कोण करणार?

ज्यांनी काढलं तेच. सिमेंटवर मॅट, पाण्यावर आधारलेला (वॉटर-बेस्ड) पारदर्शक थर एक हात देता येतो, पण आधी नमुन्यावर लावून पाहा, काही थर गेरूवर दुधाळ पडतात. मातीच्या भिंतीवर काहीच नको. दर वर्षी दिवाळीनंतर एक फेरी ठेवा: मऊ ब्रशने धूळ झाडणं, पोपडे, पन्हळ, लोणा पाहणं, रेषा भरणं. त्यासाठी पहिल्याच अंदाजपत्रकात पाच वर्षांसाठी दर वर्षी दोन माणसांचे दोन-दोन दिवस धरा. गेरू आणि पांढऱ्याचा अर्धा-अर्धा लिटर, छटेचा क्रमांक लिहून, बंद डब्यात ठेवून द्या. शाळेच्या शिपायाला किंवा पेंटरला रेषा “गिरवायला” लावू नका. कुडाच्या भिंतीवरचं चित्र मात्र टिकवायच्या मागे लागू नका: भिंत पुन्हा सारवली जाते, जुनं खाली जातं, नवं वर येतं. त्या घरासाठी दर वर्षी तांदूळ, गेरू आणि बायकांच्या दोन दिवसांची मजुरी तेवढी ठेवा.